राणीच्या बागेतली उर्वशी

रात्री रत्नागिरी स्टेशनवर कोकणकन्येची वाट बघत उभी होते, तेव्हा पिशवीत डब्याखाली केळीच्या पानात गुंडाळलेला सुरंगीच्या फुलांचा वळेसर होता. लालबागच्या मामींसाठी आईनं दिलेला. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. आमच्याकडे आंब्याला कैऱ्या धरलेल्या असतात आणि घरातल्या माणसानं बाग सोडून जायचे हे दिवस नव्हेत. "एका झाडासाठी मुंबईला?" असं शेजारीपाजारी विचारून झालं होतं. पण ते झाड कलमवाल्या घरातल्या मुलीनं एकदा तरी पाहायलाच हवं, असं मला फार दिवस वाटत होतं. त्याला शेंग क्वचितच धरते, म्हणून बियांवर त्याचा वंश चालत नाही. माणसानं फांदीला गुटी बांधून मुळं फोडवली, तर नवं झाड होतं. माणसाच्या हातावर जगणारं हे झाड मुंबईत भायखळ्याला, राणीच्या बागेत आहे. त्याचं नाव उर्वशी.

पहाटे दादरला उतरले. मामांच्या चाळीत चहा घेतला, वळेसर मामींच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाशी धरला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मामा आणि मी बेस्टच्या बसनं निघालो. लालबागहून आंबेडकर रस्ता सरळ दक्षिणेला जातो आणि बागेच्या दारापाशीच सोडतो.

मामा संगमेश्वर तालुक्यातून पोरवयात मुंबईला आले ते गिरणीत लागले. १९८२ च्या संपात गिरणी सुटली, मुंबई सुटली नाही. रत्नागिरी जिल्ह्यातली अशी किती घरं या गिरणगावावर उभी राहिली, ते मनीऑर्डरची वाट पाहणाऱ्या आमच्या गावांना ठाऊक आहे. त्या साऱ्या चाकरमान्यांची हक्काची सहल म्हणजे राणीची बाग. गावाहून पाहुणा आला की रविवारी त्याला इथे आणायचं, हत्ती दाखवायचा, चणे खायचे आणि पाय दुखेस्तोवर हिंडून परत चाळीत.

"मामा, तुम्ही इथं किती वेळा आला असाल?"

"कुणी मोजलंय गो. पण झाडासाठी म्हणून आजच पहिल्यांदा."

मामांचं हे वाक्य दिवसभर माझ्याबरोबर राहिलं. मुंबईत जिला सगळे 'प्राण्यांची बाग' म्हणून ओळखतात, तिची स्थापना झाडांसाठी झाली होती. आणि ती सरकारी हुकमानं झाली नव्हती, गावातल्या माणसांनी मंडळ काढून केली होती.

त्या मंडळाचं नाव 'ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया'. शेती आणि बागाईत सुधारावी, परदेशी उपयोगी झाडं इथे लावून पाहावीत, इथली झाडं जाणून घ्यावीत, अशा हेतूनं ते निघालं. १८३५ च्या सुमारास मंडळाला शिवडीला जागा मिळाली आणि तिथे पहिली वनस्पतिबाग झाली. पुढे ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली. शिवडीची दफनभूमी आजही तिथे आहे. लावलेली, वाढवलेली बाग सोडून दुसरीकडे जायचं म्हणजे काय, हे रोपवाटिका चालवणाऱ्याला विचारावं. पण मंडळानं हातपाय गाळले नाहीत. माझगाव-भायखळ्याच्या माउंट इस्टेटमध्ये तेहतीस एकर जागा मिळवली, शिवडीची झाडं तिथे हलवली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नींच्या हस्ते बाग लोकांना खुली झाली. व्हिक्टोरिया राणीचं नाव दिलं म्हणून ती राणीची बाग. कागदोपत्री आज ती 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' आहे. लोकांच्या तोंडची 'राणी' मात्र बदलली नाही.

या कामामागे जी माणसं होती त्यांत नाना शंकरशेट होते, वनस्पतींचा नाद असलेले डॉ. जॉर्ज बर्डवूड होते आणि डॉ. भाऊ दाजी लाड होते. भाऊ दाजींबद्दल मला विशेष प्रेम आहे, त्याचं कारण एक झाड. कोकणात ओढ्याकाठी कडू कवठीचं झाड असतं. आमच्याकडे तिच्या बियांचं तेल खरजेवर लावत. भाऊ दाजींनी महारोगावर उपाय शोधताना याच बियांच्या तेलावर वर्षानुवर्षं काम केलं. गोव्यातल्या पेडण्याकडचा हा माणूस मुंबईत डॉक्टर झाला, शिलालेख वाचले, नाणी गोळा केली आणि रुग्णासाठी पुन्हा आपल्याच मुलखातल्या झाडाकडे वळला. बागेच्या दाराशी जे देखणं वस्तुसंग्रहालय आहे, ते उभं करण्यात त्यांचा आणि बर्डवूड यांचा मोठा वाटा. १८६५ ला शेअरबाजार कोसळला, वर्गण्या आटल्या, काम अडलं, शेवटी सरकारी पैसा घालून २ मे १८७२ ला ते उघडलं. १९७५ पासून त्याला भाऊ दाजींचं नाव आहे. त्याच्या अंगणात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ साली इंग्लंडला न्यायला उचलताना तो फुटला होता. तुकडे जोडून १९१४ साली इथे पुन्हा उभा केला. मुंबईच्या 'काळ्या घोड्या'चा मूळ पुतळाही १९६५ पासून इथेच आहे. मामा घोड्यापाशी थबकले. "फोर्टातला होता हा, मी पाहिलाय तिथं," म्हणाले.

पण आम्ही आलो होतो झाडांसाठी.

फाटकातून आत शिरल्यावर पहिली गोष्ट कळते ती हवेतली. रस्त्यावर धूर आणि हॉर्न, आणि पन्नास पावलं आत आलं की पायाखाली ओली माती, डोक्यावर सावली. त्रेपन्न एकरांत तीन हजारांवर झाडं आहेत, २८६ जातींची. भायखळ्यासारख्या दाट वस्तीत ही संख्या कागदावर नुसती वाचून कळत नाही. तिच्या खाली उभं राहावं लागतं.

गोरखचिंचेचा बुंधा आधी दिसला. फेब्रुवारीत तिच्या अंगावर पान नसतं. राखाडी, गुळगुळीत, फुगलेलं खोड आणि वर एवढ्याशा फांद्या, जणू कुणी झाड उपटून उलटं रोवलंय. मूळ आफ्रिकेची. अरबी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यावर आली असावी, म्हणून जुन्या बंदरांच्या आसपास ती आढळते. खोड आत पाणी साठवतं आणि कोरडे महिने त्यावर काढतं. पावसाळ्यात पांढरी मोठी फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं त्यांवर येतात. टणक करवंटीच्या आत पिठूळ, आंबट गर असतो, तीच ती चिंच. मामांनी खोडावर तळहात टेकला. "हत्तीचा पाय," म्हणाले. इतकी वर्षं ते ज्या हत्तीसाठी आले, त्याची आठवण त्यांना झाडात सापडली.

मग कैलासपती. त्याची फुलं फांदीवर येत नाहीत, थेट खोडातून फुटलेल्या लोंबत्या देठांवर येतात. फुलाच्या आत फण्यासारखा वळलेला भाग आणि खाली पिंडीसारखा गोळा, म्हणून आपल्याकडे हे नाव पडलं. झाड मूळ दक्षिण अमेरिकेचं. माणसानं जगाच्या दुसऱ्या टोकाचं झाड आणलं आणि त्यात आपला शंकर पाहिला, हे मला फार आवडतं. फुलाचा वास मधुर, फळ तोफगोळ्याएवढं आणि फुटलं की दुर्गंध. खाली उभं राहताना वर बघून उभं राहावं.

कृष्णवडापाशी मी सर्वांत जास्त वेळ घालवला. पान साध्या वडासारखंच, फक्त देठाजवळ त्याची कड दुमडून द्रोण झालेला. एक पडलेलं पान उचलून मी मामांच्या ओंजळीत ठेवलं. बाळकृष्णानं चोरलेलं लोणी याच पानात लपवलं, अशी कथा आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला कधी स्वतंत्र जात मानलं, कधी वडाचाच एक प्रकार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं शास्त्रीय नाव ठेवताना परदेशी शास्त्रज्ञानंही 'कृष्ण' हाच शब्द घेतला. लोककथा आणि शास्त्र एका पानावर भेटण्याचे प्रसंग थोडे. हा त्यातला एक.

पुढची झाडं भराभर पाहिली. मेणबत्तीच्या झाडाला खोडावरून पिवळट, लांब फळं लोंबतात, ते पनामाचं. सॉसेजच्या झाडाला दोरीएवढ्या देठांवर भोपळ्याएवढी जड फळं, ते आफ्रिकेचं. सीता-अशोक आपला, नारिंगी गुच्छांनी भरलेला. सोसायट्यांच्या कुंपणाला सरळसोट उभा असतो तो खोटा अशोक. रामायणातला अशोक पाहायचा असेल तर हा पाहावा.

आणि मग उर्वशी.

वाट वळली आणि समोर ती होती. फार उंच नाही. गर्द पानांतून लाल झुंबरं खाली लोंबत होती, हातभर लांबीची. एकेक फूल सुटं, लांब देठाचं. पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका, कुणी हळदीचं बोट लावावं तसा. नवी पानं तर मी अशी कधी पाहिली नव्हती. आंब्याची नवी पालवी तांबूस असते, पण ताठ असते. उर्वशीची कोवळी पानं जांभळट-तपकिरी, आणि पूर्ण मऊ. वाळत घातलेल्या ओल्या रुमालांसारखी ती खाली लटकलेली असतात. काही दिवसांनी त्यांत हिरवेपणा आणि ताठपणा एकदमच येतो. मी एका पानाला बोट लावलं. रेशमाच्या कापडाला लावावं तसं ते बोटावर आलं.

मामा बाकावर बसले आणि बघत राहिले.

ही ब्रह्मदेशची. पहिलं इंग्रज-ब्रह्मी युद्ध संपल्यावर कलकत्त्याच्या वनस्पतिबागेचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिच तिकडे गेले, तेव्हा त्यांना ती सालवीन नदीकडच्या एका मठाच्या बागेत दिसली. तिची फुलं ओंजळीनं बुद्धमूर्तींपुढे वाहिलेली होती. वॉलिचनी तिला गव्हर्नर जनरल ॲम्हर्स्ट यांच्या पत्नी आणि मुलीचं नाव दिलं. आपल्याकडे तिला उर्वशी म्हणतात आणि ते नाव तिला शोभतं.

ब्रह्मदेश म्हटलं की रत्नागिरीच्या माणसाच्या मनात दुसरंच काही येतं. आमच्या गावात थिबा राजवाडा आहे. इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेशच्या थिबा राजाला पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. तीस वर्षं तो आमच्या गावात राहिला. लाल जांभ्याचा राजवाडा १९१० च्या सुमारास झाला. १९१६ च्या डिसेंबरात राजा तिथेच वारला आणि रत्नागिरीतच त्याची समाधी आहे. शाळेत असताना आम्ही राजवाड्याच्या गच्चीतून खाडीकडे बघायचो आणि राजाला काय वाटत असेल यावर भांडायचो. उर्वशीखाली उभी असताना मला वाटलं, त्याच्या देशातलं हे फूल त्याच्या राजवाड्यापुढे असायला हवं होतं. तेव्हा मनात आलेली ही इच्छा अजून गेलेली नाही. रत्नागिरीची उष्ण-दमट हवा आणि पाऊस तिला मानवेल. थोडी सावली आणि निचरा होणारी जमीन एवढंच तिला लागतं.

आणि गुटी बांधता येणारा हात. पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडायची, दोन बोटं रुंदीची साल अंगठीसारखी सोडवून काढायची, उघड्या जागेवर ओलं शेवाळ दाबायचं, वर प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीनं घट्ट बांधायची. महिना-दोन महिन्यांनी प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागली की खालून कापून कुंडीत लावायची. हे आमच्या घरी लहान पोरंही करतात. हापूसची कलमं करण्याची रीत वेगळी, पण मागचं तत्त्व एकच. आवडलेलं झाड जसंच्या तसं पुढे न्यायचं, तर बीवर विसंबून चालत नाही, हात लावावा लागतो.

मंडळानं राणीची बागही अशीच हात लावून चालवली. पण ते फार वर्षं टिकलं नाही. १८७३ साली मंडळ मोडलं आणि बाग नगरपालिकेकडे गेली. १८९० साली पंधरा एकर जागा वाढवली ती प्राण्यांसाठी. तिथून पुढे पिंजरे वाढत गेले आणि लोकांच्या डोळ्यांतून झाडं मागे सरली.

इथे मला सिंगापूरची आठवण होते, कारण तिथली वनस्पतिबागही अशाच मंडळानं काढली. तिथलंही नाव कृषी-उद्यान मंडळच, साल १८५९. सरकारनं जागा दिली, सभासदांनी वर्गणीवर बाग केली, आणि पैसे पुरेनात म्हणून १८७४ साली तीही सरकारकडे गेली. इथपर्यंत दोन्ही बागा जुळ्या बहिणी. तिथेही काही काळ छोटं प्राणिसंग्रहालय होतं, पण ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंद झालं. झाडं राहिली. लंडनच्या क्यू बागेतून शिकलेली माणसं तिथे नेमली गेली. १८७७ साली तिथे रबराची रोपं आली. पुढे बागेचे संचालक हेन्री रिडली यांनी झाड न मारता चीक काढण्याची रीत बसवली आणि मलायात रबराचे मळे उभे राहिले. २०१५ साली युनेस्कोनं त्या बागेला जागतिक वारसा म्हटलं. सिंगापूरची जमीन किंवा हवा भायखळ्याहून सरस नव्हती. तिथे बागेला कायम वनस्पतिशास्त्रज्ञ मिळाले, इथे मिळाले नाहीत, हा माझ्या मते खरा फरक.

तरी राणीच्या बागेला दुसऱ्यांदाही लोकांनीच हात दिला. २००७ च्या सुमारास शेकडो कोटींचा आंतरराष्ट्रीय दर्जाच्या प्राणिसंग्रहालयाचा आराखडा पुढे आला. बागेत रोज चालायला येणारे काही नागरिक, त्यांत बायका पुढे, एकत्र आले. झाडं मोजली, जाती ओळखल्या, याद्या केल्या, जुनी कागदपत्रं काढली आणि 'राणीबाग वाचवा' म्हणून दारोदार गेले. वारसा समितीपुढे त्यांनी बागेची बाजू मांडली आणि तो मोठा आराखडा त्या रूपात झाला नाही. वर सांगितलेला २८६ जातींचा आकडा अशाच मोजणीतून आलेला आहे. आरडाओरडा सगळेच करतात. झाडाला हात लावून नाव लिहिणं कठीण, आणि ते या लोकांनी केलं. २०१६ साली बागेत हम्बोल्ट पेंग्विन आले, पुढच्या वर्षी पाच रुपयांचं तिकीट पन्नासाला गेलं आणि गर्दी वाढली. तेवढ्या डोळ्यांपैकी काही झाडांकडे वळले तर बागेचं भलं होईल.

परतीच्या वाटेवर मामा म्हणाले, "आपल्याकडं देवरहाटी हाय, तसलंच हे."

खरं आहे. आमच्या संगमेश्वरात, राजापुरात, गावोगाव ग्रामदेवतेच्या देवळाभोवती राखलेलं रान असतं, त्याला देवराई किंवा देवरहाटी म्हणतात. तिथली काटकी उचलायची तर देवीला कौल लावावा लागतो. तिथे ऐन, किंजळ, सातवीण, बेहड्याची जुनी झाडं आहेत आणि त्यांच्या ढोलीत महाधनेश, म्हणजे आमच्याकडचा गरुड, घरटं करतो. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रभर हिंडून या देवराया नोंदल्या आणि त्यांचं मोल शास्त्राच्या भाषेत सांगितलं. गावानं राखलेली ही वनस्पतिबागच. फरक एवढा की राणीच्या बागेत बाहेरून आणून लावलेलं आहे आणि देवराईत होतं ते राखलेलं आहे. दोन्हीकडे राखणारा हात गावाचा. आज देऊळ सिमेंटचं बांधायचं म्हणून देवराईतली झाडं तोडली जातात, तेव्हा देवीला कौल लावून परवानगी घेतल्याचंच सांगतात. मला ते पटत नाही. ज्या गावात ही चर्चा चालू असेल, तिथल्या माणसांनी तोडण्याआधी एकदा झाडं मोजून नावं तरी लिहावीत. भायखळ्याच्या बायकांनी केलं तेवढंच.

मामांना चाळीत सोडलं. मामींनी वळेसर देवापुढे ठेवला होता, खोलीभर सुरंगीचा वास होता. "कसं होतं झाड?" त्यांनी विचारलं. मामांनी हात वर करून, बोटं खाली सोडून झुंबर दाखवलं.

मुंबईला जाणार असाल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, तेव्हा उर्वशी फुललेली असते. भायखळा स्टेशनला पूर्वेकडे उतरलात की दहा मिनिटांच्या चालीवर बाग आहे. मुलांना पेंग्विन आधी दाखवा, मग घाई न करता माळीदादांना उर्वशी कुठे आहे ते विचारा आणि तिच्या खाली थोडं थांबा. बुधवारी बाग बंद असते.